मुरवणे : बरणीतले आणि बाटलीतले
ई-सिगारेटचे द्रव घरी 'मुरवण्या'मागचे रसायन, त्यातील धोके आणि कायदा

मृग नक्षत्राच्या आगेमागे वाशीम, रिसोड, कारंजा, मानोरा या भागांतील घराघरांत कैऱ्या फोडल्या जातात. मीठ आणि मोहरी-मेथीचा मसाला लावून त्या चिनी मातीच्या बरणीत भरल्या जातात, बरणीच्या तोंडाला दादरा बांधला जातो आणि बरणी फडताळात विसावते. पुढचे काम काळाचे असते. काही आठवड्यांनी कैरीचा कचकचीतपणा ओसरतो, मसाल्याचा उग्र वास निवतो आणि लोणचे 'मुरले' असे घरातील जाणती बाई सांगते. काळ गेला की कच्चेपण जाते, ही धारणा मराठी मनात इतकी खोल रुजली आहे, की 'मुरलेला गवई' आणि 'मुरलेला राजकारणी' हे शब्दप्रयोगही त्याच बरणीतून निघाले आहेत.

जगाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या दीड-दोन दशकांत हीच क्रिया एका निराळ्या पदार्थाच्या बाबतीत रूढ झाली. ई-सिगारेटमध्ये वापरला जाणारा सुगंधी द्रव विकत आणल्यावर किंवा घरी मिसळल्यावर लगेच न वापरता काही दिवस, काही आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यायचा आणि त्याची चव 'बसू' द्यायची, अशी ही रीत आहे. इंग्रजीत तिला 'स्टीपिंग' म्हणतात. मराठीत तिच्यासाठी 'मुरवणे' याहून चपखल शब्द सापडणार नाही. मात्र शब्द एक असला तरी क्रिया एक नाही. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. तरीही तिचे आकर्षण तरुणांपर्यंत पोचत असते आणि 'घरीच तर मुरवायचे आहे' या वाक्यातील घरगुती गोडवा फसवा ठरू शकतो. म्हणून या मुरवण्यात नेमके काय घडते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

द्रवात असते काय?

आज प्रचलित असलेल्या ई-सिगारेटचे श्रेय चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ च्या सुमारास हे उपकरण विकसित केले. तत्पूर्वी अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी धूरविरहित सिगारेटचे पेटंट १९६५ मध्ये मिळवले होते. पण ते उपकरण बाजारात रुळले नाही. उपकरणाची रचना साधी आहे. बॅटरीवर तापणारी धातूची तार असते, तिला लागून द्रवात भिजलेली वात असते. तार तापली की द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेत मिसळतात. लोक त्याला वाफ म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या ते द्रवकणांचे धुके असते.

या द्रवाचे घटक साधारणतः चार. पहिला प्रॉपिलिन ग्लायकॉल, हा पातळ आणि सुगंधद्रव्ये चांगली विरघळवणारा. दुसरा ग्लिसरीन, हा दाट, किंचित गोड आणि भरपूर धुके निर्माण करणारा. तिसरा निकोटिन, काही द्रवांत तो नसतोही. चौथा घटक सुगंधद्रव्यांचा. आंबा, पुदिना, व्हॅनिला, कस्टर्ड, दालचिनी, कॉफी, अगदी पानमसाल्यापर्यंत शेकडो स्वाद त्यात येतात. मुरवण्याचा सगळा खटाटोप असतो तो या चौथ्या घटकासाठी.

मुरताना काय घडते?

ताज्या मिसळलेल्या द्रवाची चव उग्र, विस्कळीत किंवा 'औषधी' लागते, अशी ते वापरणाऱ्यांची तक्रार असते. काही दिवसांनी तीच चव गोलाईदार होते. हा निव्वळ मनाचा खेळ नाही. त्यामागे तीन-चार वेगवेगळ्या क्रिया आहेत.

पहिली क्रिया मिसळण्याची. २० अंश सेल्सिअस तापमानाला शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून अधिक दाट असते, तर प्रॉपिलिन ग्लायकॉल पन्नास-साठ पट. एवढ्या दाट द्रवात सुगंधाचे रेणू सर्वत्र सारखे पसरायला वेळ लागतो. बाटली नीट हलवली नाही तर वरच्या थरात एक चव आणि खालच्या थरात दुसरी, असे होऊ शकते. तापमान ४० अंशांपर्यंत वाढवले तर ग्लिसरीनचा दाटपणा सुमारे एक पंचमांशावर येतो. बाटली कोमट पाण्यात ठेवण्याच्या युक्तीमागे हेच कारण आहे.

दुसरी क्रिया उडून जाण्याची. सुगंधद्रव्ये पुष्कळदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेली असतात. बाटलीचे झाकण काही काळ उघडे ठेवले की अल्कोहोल आणि काही हलकी, झणझणीत द्रव्ये उडून जातात व उग्रपणा कमी होतो. मात्र त्यांच्याबरोबर लिंबू-संत्र्यासारखे नाजूक गंधही निघून जातात. म्हणून फळांच्या स्वादाचे द्रव फार मुरवू नयेत, असा संकेत पडला.

तिसरी क्रिया ऑक्सिडेशनची. निकोटिन हवेच्या, उजेडाच्या आणि उष्णतेच्या संपर्कात आले की हळूहळू बदलते आणि रंगहीन द्रव पिवळसर, पुढे तपकिरी होत जातो. हा रंग पुष्कळांना 'मुरल्याची खूण' वाटतो. वास्तविक ती निकोटिन खराब होऊ लागल्याची खूण असू शकते. व्हॅनिलासारखे काही स्वादही द्रवाला गडद रंग आणतात. रंगावरून निकोटिन किती उरले, हे घरी बसून सांगता येत नाही. रंग गडद झाला म्हणजे द्रव सौम्य झाला, असे समजणे चुकीचे आहे.

चौथी क्रिया सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चिली गेलेली. बाटलीत नुसते मिश्रण होत नाही, नवे पदार्थही तयार होतात. व्हॅनिलाचा व्हॅनिलिन, दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइड, बदाम-चेरीच्या स्वादाचा बेंझाल्डिहाइड हे सारे अल्डिहाइड वर्गातील रेणू. प्रॉपिलिन ग्लायकॉलशी त्यांचा संयोग होऊन अ‍ॅसिटाल नावाची संयुगे बनतात. अमेरिकेतील येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. मिश्रणानंतर अल्डिहाइडचा ४० टक्क्यांहून अधिक भाग या नव्या संयुगांत रूपांतरित होऊ शकतो, असे त्यांना आढळले. द्रव तापवल्यावर यांपैकी ५० ते ८० टक्के संयुगे धुक्यातही उतरली. शिवाय श्वसनमार्गातील दाहाची जाणीव करून देणारे संवेदक त्यांनी उद्दीपित केले. लेबलावर लिहिलेले पदार्थ आणि मुरलेल्या बाटलीतील पदार्थ एकच नसतात, हा या संशोधनाचा साधा अर्थ.

असाच दुसरा बदल लोण्या-मलईच्या स्वादात होतो. त्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅसिटोइन साठवणीच्या काळात काही अंशी डायअ‍ॅसिटिलमध्ये बदलते आणि निकोटिनयुक्त द्रवात ही क्रिया अधिक वेगाने होते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. डायअ‍ॅसिटिल कोण, याची ओळख पुढे येईलच. कस्टर्ड आणि मलईचे स्वाद सर्वाधिक मुरवावेत असा प्रघात आहे. नेमके त्यांच्याच बाबतीत काळ अपायाची भर घालू शकतो.

घरगुती रीती

मुरवण्याच्या रीती देशोदेशी साधारण सारख्याच आहेत. सर्वांत रूढ रीत म्हणजे बाटली जोरात हलवून अंधाऱ्या, थंड जागी ठेवणे आणि दररोज किंवा दिवसाआड पुन्हा हलवणे. फळांच्या स्वादांना काही दिवस, तर व्हॅनिला, कस्टर्ड व तंबाखूच्या स्वादांना दोन ते चार आठवडे, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. घाई असणारे बाटली कोमट पाण्यात बुडवतात. काही जण चष्मे-दागिने स्वच्छ करण्याचे ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र वापरतात, तर काही जण मंद आचेच्या भांड्यात बाटल्या तासन्‌तास ठेवतात. उष्णतेने मिश्रण लवकर होते हे खरे. पण वर सांगितलेल्या रासायनिक क्रियाही त्याच उष्णतेने वेग घेतात. प्लॅस्टिकची बाटली तापवली तर तिच्यातील द्रव्येही आत उतरण्याची शक्यता असते.

या सगळ्या रीतींत एक गोष्ट समान आहे. मुरले की नाही, याची कसोटी एकच : वापरणाऱ्याची जीभ आणि नाक. आत काय तयार झाले, निकोटिन किती उरले, कोणता अपायकारक पदार्थ वाढला, हे सांगणारी कोणतीही कसोटी घरात उपलब्ध नसते.

बरणी आणि बाटली यांतला फरक

लोणच्याच्या बरणीत काळ जे काम करतो, ते केवळ चवीचे नसते. मीठ कैरीतील पाणी ओढून घेते, त्यालाच आपण 'खार सुटणे' म्हणतो. तीव्र मिठात आणि कैरीच्या आंबटपणात अन्न नासवणारे बहुतेक जंतू तग धरू शकत नाहीत. वर तरंगणारा तेलाचा थर हवा अडवतो. मोहरी कुटली की तिच्यातील विकराच्या क्रियेने तयार होणारा झणका जंतूंना आवरतो आणि पुढे स्वतःही सौम्य होत जातो. म्हणजे लोणचे जसजसे मुरते, तसतसे ते चवीला चांगले होते आणि टिकाऊही होते. चव आणि सुरक्षितता तेथे हातात हात घालून चालतात. म्हणूनच 'चांगले लागते, म्हणजे चांगले मुरले' हा पिढ्यान्‌पिढ्यांचा निकष लोणच्यापुरता बऱ्याच अंशी खरा ठरतो. मुरांबा आणि गुलकंद यांचेही तसेच. तेथे मिठाचे काम साखर करते.

ई-सिगारेटच्या बाटलीत ही सोबत तुटते. तेथे काळ चव सुधारतो, पण सुरक्षितता वाढवत नाही. उलट, उग्रपणा गेल्यामुळे श्वास अधिक खोल ओढला जातो आणि घशाने दिलेला नैसर्गिक इशारा मुका होतो. खवखव ही शरीराची तक्रार असते. मुरवणे ती तक्रार दूर करते, तिचे कारण नव्हे.

खाण्याचे वेगळे, श्वासाचे वेगळे

'हे सगळे स्वाद खाद्यपदार्थांत वापरतातच की', हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो अर्धा खरा आहे. खाल्लेला पदार्थ जठर, आतडे आणि यकृत यांच्या तपासणीतून जातो. श्वासाने घेतलेला पदार्थ फुप्फुसांच्या अतिशय पातळ पडद्यावर थेट उतरतो. सुगंधद्रव्ये बनविणाऱ्या उद्योगाच्या अमेरिकेतील संघटनेनेही आपली सुरक्षिततेची मान्यता खाण्यापुरतीच आहे, ई-सिगारेटमधून ओढण्यासाठी नाही, असे स्पष्ट केलेले आहे.

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील मिसुरी राज्यातील जॅस्पर या गावचे आहे. तेथील मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसण्याचा दुर्मीळ विकार जडल्याचे २००० मध्ये उघडकीस आले. पॉपकॉर्नला लोण्याचा स्वाद देणाऱ्या द्रव्याची वाफ त्यांच्या श्वासात जात होती आणि त्या द्रव्यातील प्रमुख घटक होता डायअ‍ॅसिटिल. तोच पदार्थ लोण्यातून पोटात गेला तर बाधत नाही. श्वासातून छातीत गेला तर बाधतो. पुढे २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील संशोधकांनी ई-सिगारेटच्या ५१ स्वादांची तपासणी केली, तेव्हा ३९ स्वादांत डायअ‍ॅसिटिल आढळले. सिगारेटच्या धुरातही डायअ‍ॅसिटिल असते आणि द्रवात ते सापडले म्हणजे प्रत्येकाला तो विकार होईलच असे नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे. परंतु 'खाण्याजोगे, म्हणून ओढण्याजोगे' हे समीकरण मात्र जॅस्परने कायमचे मोडीत काढले.

घरगुती किंवा अनधिकृत मिश्रणाचा धोका २०१९ मध्ये आणखी भीषण रूपात समोर आला. अमेरिकेत ई-सिगारेटसदृश उपकरणे वापरणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या तीव्र विकाराची साथ पसरली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याचा सर्वांत घट्ट संबंध जोडला गेला तो गांजातील घटक असलेल्या, मुख्यतः अनौपचारिक मार्गाने मिळवलेल्या द्रवांशी आणि त्यांत दाटपणासाठी मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी. व्हिटॅमिन ई हा खाण्यातील किंवा त्वचेला लावण्याच्या मलमातील निरुपद्रवी पदार्थ. फुप्फुसात मात्र त्याने घात केला.

वासाचे आमिष : खर्ऱ्यापासून बाटलीपर्यंत

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पदर आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा उर्वरित विदर्भाप्रमाणेच खर्ऱ्याच्या परिचयाचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून पानठेल्यावर घोटला जाणारा खर्रा आणि परदेशी बनावटीची चकचकीत ई-सिगारेट यांचा परस्परांशी काही संबंध नाही, असे वरवर वाटेल. रसायनशास्त्र मात्र वेगळे सांगते.

चुना हा अल्कधर्मी पदार्थ आहे. तो तंबाखूतील निकोटिन मोकळे करतो आणि गालाच्या आतील त्वचेतून ते झपाट्याने रक्तात शिरते. ई-सिगारेटच्या उद्योगाने उलट मार्गाने तेच साधले. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून 'निकोटिन सॉल्ट' बनवले, त्यामुळे घशाला बोचणे कमी झाले आणि पूर्वी सहन न होणारी मात्रा ओढणे सुसह्य झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'जूल' या उपकरणात वजनाच्या ५ टक्के इतके निकोटिन होते, ते याच युक्तीच्या बळावर. एकीकडे चुना, दुसरीकडे आम्ल. उद्दिष्ट एकच, निकोटिन शरीरात सहजपणे उतरवणे. आणि दोन्हीकडे त्यावर पांघरूण घालतो तो सुगंध.

सुगंधाची ही ताकद महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली आहे. २०१२ मध्ये राज्याने अन्न सुरक्षा कायद्याच्या आधारे गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीलाही तिच्या कक्षेत आणले. बंदीची अंमलबजावणी किती झाली, हा पानठेल्यांवर रोज पाहता येणारा वादाचा विषय आहे. तथापि नवख्या माणसाला ओढून आणतो तो तंबाखू नव्हे, तर तिचा स्वाद, हे त्यामागील निदान अचूक होते.

येथे आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. ई-सिगारेटच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद असा, की सिगारेट ओढणाऱ्याला ती तुलनेने कमी घातक पर्याय देते. ब्रिटनमधील आरोग्य यंत्रणेने सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी हा मार्ग स्वीकारला आहे, कारण तेथील तंबाखूचा प्रश्न प्रामुख्याने सिगारेटचा आहे. महाराष्ट्राचे चित्र निराळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. (दोन्ही प्रकार वापरणारे दोन्हींकडे मोजलेले आहेत.) ज्या प्रदेशात व्यसन ओढण्याचे नसून चघळण्याचे आहे, तेथे ई-सिगारेट कोणाची सिगारेट सोडवणार? तेथे ती पर्याय म्हणून येण्यापेक्षा भर म्हणून येण्याचा संभव अधिक. खर्रा खाणारा खर्रा खातच राहील आणि न खाणारा महाविद्यालयीन तरुण आंब्याच्या वासाने निकोटिनच्या दारात येईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी आणली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने अध्यादेशाची जागा घेतली. या कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली, अशी दोन्ही प्रकारची उपकरणे येतात; ई-हुक्काही येतो. म्हणजे 'यात निकोटिन नाही, फक्त स्वाद आहे' हा बचाव टिकत नाही.

उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांना मनाई आहे आणि ती संपूर्ण उपकरणाप्रमाणेच त्याच्या भागांनाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. आपल्या ताब्यातील जागेत साठा ठेवू देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कारवाईचे अधिकार पोलिस उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांना आहेत.

केवळ ओढणाऱ्यासाठी या कलमांत वेगळी शिक्षा नमूद नाही. परंतु परदेशातून उपकरण मागवणे ही आयात ठरते आणि मित्रांना वाटणे हे वितरण. 'उत्पादना'च्या अर्थात बनवणे आणि जोडणे दोन्ही येतात आणि घरगुती पातळीवर करणाऱ्यासाठी कायद्याने कोणतीही सूट ठेवलेली नाही. लोणच्याच्या बरण्या शेजारणीला देण्याइतके हे प्रकरण साधे नाही, एवढे लक्षात ठेवलेले बरे. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आणि सुटीत गावी येणाऱ्या नातलगांनीही ही उपकरणे सोबत आणू नयेत.

बंदी नसलेल्या देशांतही मोकळे रान नाही. युरोपीय महासंघाने २०१४ च्या निर्देशान्वये निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसावी आणि निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे बंधन घातले. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून विक्री औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित केली. ई-सिगारेटबाबत उदार धोरण असलेल्या ब्रिटननेही एकदाच वापरून फेकून देण्याच्या उपकरणांवर १ जून २०२५ पासून बंदी आणली; त्यामागे पर्यावरणाइतकीच लहान मुलांची काळजी होती.

घरातील बाटली आणि लहान मूल

मुरवण्याच्या रीतीतील सर्वांत तातडीचा धोका मात्र ओढणाऱ्याला नसून घरातील लहानग्यांना आहे. मुरवणे म्हणजे बाटली घरात आठवडेच्या आठवडे ठेवणे. तीत द्रव कोणता, तर गोड, सुवासिक आणि रंगीत. घरी मिश्रण करणारे ज्या तीव्र निकोटिनपासून सुरुवात करतात, त्यात मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन असू शकते. म्हणजे चहाच्या एका चमच्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला घातक ठरणारी मात्रा जुन्या पुस्तकांत ६० मिलिग्रॅम दिलेली असे. अलीकडचे अंदाज ती अर्धा ग्रॅम किंवा त्याहून अधिक मानतात. कोणताही अंदाज धरला, तरी एक चमचा हे प्रमाण बालकासाठी किती भयंकर आहे, हे सांगायला नको. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये एका वर्षाच्या बालकाचा द्रवरूप निकोटिनमुळे मृत्यू झाला. त्यानंतर २०१६ मध्ये तेथे अशा बाटल्यांना मुलांना उघडता न येणारे झाकण सक्तीचे करणारा कायदा झाला.

निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या शेतमजुरांना मळमळ, उलटी, चक्कर, अशक्तपणा यांचा त्रास होतो, तो याच कारणाने. तीव्र द्रव हातावर सांडणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

द्रव अंगावर सांडल्यास कपडे काढून ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. पोटात गेल्याची शंका आली तर मीठ-पाणी पाजून उलटी करविण्याच्या घरगुती उपायात वेळ न दवडता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत न्यावी. मळमळ, घाम, लाळ सुटणे, नाडी जलद होणे ही आरंभीची लक्षणे असतात; पुढे झटके येऊ शकतात व श्वास मंदावू शकतो.

पालकांनी काय करावे?

मुलाच्या खोलीत आंब्याचा किंवा पुदिन्याचा वास येतो, पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी वस्तू दिसते, कपाटात ठिबकण्याच्या टोकाच्या लहान बाटल्या सापडतात. अशा वेळी आकांडतांडव करण्यापेक्षा विचारपूस करणे हिताचे. बहुतेक तरुणांचा समज 'ही नुसती सुगंधी वाफ आहे' असाच असतो. तो समज दूर करायला वर दिलेली माहिती उपयोगी पडावी. द्रव मोरीत ओतू नये आणि बाटली उघड्या कचऱ्यात टाकू नये. गायी-कुत्र्यांनाही निकोटिन तितकेच घातक आहे. झाकण घट्ट लावून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि अधिकृत यंत्रणेच्या स्वाधीन करावी.

सवय जडली असेल, मग ती खर्ऱ्याची असो वा उपकरणाची, तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनच्या च्युइंगमसारखे उपचारही घेता येतात. त्यांत निकोटिनची मात्रा मोजलेली असते, तपासलेली असते आणि ती टप्प्याटप्प्याने कमी करत नेण्याचे वेळापत्रक असते. घरी मुरवलेल्या बाटलीत नेमक्या याच तीन गोष्टी नसतात.